पोलंडवाले गेले, सिंधी राहिले

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला गेलो होतो. दुकानदार सहज म्हणाले, "आमच्या आधी इथल्या बराकींत पोलंडचे लोक राहायचे." एकाच कॅम्पातले एक निर्वासित निघून गेले आणि दुसरे कायमचे राहिले, ते कशामुळे? जुनं काही बघायला उरलंय का?
— एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : बस्ता बांधायला गेलात आणि हा प्रश्न घेऊन आलात, बरं वाटलं. मी कलेक्टर कचेरीत पुनर्वसनाच्या टेबलावर अठरा वर्षं काढली (फायली धरणग्रस्तांच्या, निर्वासितांच्या नव्हेत). त्यामुळे माणसाच्या हातात कागद कुठला, हे आधी बघायची खोड लागली आहे.

वळिवड्याचा कॅम्प, म्हणजे कोल्हापूरजवळचं आजचं गांधीनगर, १९४३ चा. सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधून सायबेरिया, कझाकस्तानकडे हाकललेली कुटुंबं इराणमार्गे इथे आली. सुमारे ५,००० माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. खर्च लंडनमधलं त्यांचं परागंदा सरकार करायचं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं त्यांचं त्यांचं. इंग्रजांच्या लेखी मात्र ही मंडळी लढाईपुरती पाहुणी. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनवाल्यांची गेली. पुष्कळांची गावं तोवर सोव्हिएत हद्दीत. परत जा म्हणायचं, पण कुठे? १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला, तेव्हा ज्यांचे नवरे, भाऊ ब्रिटिशांच्या बाजूने लढले होते त्यांना तिकडची वाट मिळाली. बाकीचे पोलंड, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे पांगले. १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा.

मग त्याच बराकींत सिंधी आले. त्यांच्यावरूनही कुरकुर झालीच. मुंबईत उतरलेल्यांपैकी किती ठेवायचे, किती दुसऱ्या प्रांतांत धाडायचे, यावर सरकारदरबारी घोळ चालला होता. पण घटनेच्या कलम ६ ने त्यांचा प्रश्न मिटवला : १९ जुलै १९४८ पूर्वी येऊन इथेच राहिलेला नागरिक, नंतर आलेल्याने सहा महिने राहून नोंदणी करायची. १९५४ च्या कायद्याने मागे सुटलेल्या मालमत्तेची भरपाईही ठरली. गांधीनगरात एकदा एका दुकानदाराने मला आत नेलं होतं. पुढे काचेचं शोरूम, मागे बराकीचा जुना भाग, आणि पत्र्याच्या पेटीत आजोबांच्या 'क्लेम'चा कागद, साडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. दुकानाच्या कागदांपेक्षा तो जास्त जपलेला.

आजही आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीही नाही. तिबेटींना एक न्याय, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरा. तमिळनाडूतल्या छावण्यांत १९८३ नंतर आलेल्यांची नातवंडं वाढली, तरी २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्तीत श्रीलंकेचं नाव नाही. कोणाला घ्यायचं यावर खुशाल भांडावं. पण घेतल्यावर चाळीस वर्षं 'निर्णय प्रलंबित' असा शेरा मारून ठेवायचं, हे मला त्या टेबलावर बसूनही कधी पटलं नाही.

बघायचं म्हणाल तर कोल्हापुरात महावीर उद्यानात पोलिश मंडळींनी उभारलेला स्तंभ आहे. आणि शहरात त्यांच्या काही कबरी आहेत. ती माणसं मात्र गेली नाहीत. आहेराच्या साड्या बदलायला पुन्हा येणं होईलच, तेव्हा वाकडी वाट करा.