कोकणातल्या शहरांनी निवडणुकीच्या पोस्टरांवर बंदी घालावी का?

सरसकट बंदी नको, पण फ्लेक्स मात्र पूर्ण बंद करावेत आणि कागदी पोस्टरांना जागा नेमून द्यावी. विनापरवाना चिकटवाचिकटवीला आळा घालणारा कायदा आपल्याकडे आहेच. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध अधिनियम, १९९५ नुसार लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी जाहिरात लावायची तर स्थानिक संस्थेची लेखी परवानगी लागते. मोडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खाजगी भिंतीवर लावायचं तर आचारसंहितेप्रमाणे मालकाची परवानगी हवी, मग तो जांभ्या चिऱ्यांचा गडगा का असेना. तेव्हा चिपळूण, मालवण, वेंगुर्ल्यात अडतंय ते अंमलबजावणीपाशी.

फ्लेक्सबद्दल मी हट्टी आहे. तो पीव्हीसीचा म्हणजे प्लास्टिकचा, कुजत नाही. निकालानंतर थोडे लाकडांवर आणि गवतावर झाकायला जातात हे खरं, पण उरलेले पहिल्या मोठ्या पावसात गटारात, पऱ्यात म्हणजे ओढ्यात आणि तिथून खाडीत. जाळले तर विषारी धूर. ज्या किनाऱ्यावर मासेमारी आणि पर्यटन चालतं तिथे हे परवडणारं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. कागदही बंद केला तर फटका अपक्षाला आणि नवख्या उमेदवाराला बसेल. पैसेवाल्याकडे गाड्या, भोंगे आणि मोबाइलवरचा प्रचार असतोच. म्हणून नगरपरिषदेने प्रत्येक प्रभागात, एसटी स्टँड आणि बाजाराजवळ पोस्टरांसाठी फलक उभारून सर्व उमेदवारांना सारखीच जागा द्यावी.