वाढत्या अंगाची कनू नको

प्रश्न : माझी मुलगी १४ वर्षांची असून तिची उंची १५४ सेंटिमीटर आणि वजन ४४ किलो आहे. महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेच्या प्रवाहात ती सी-१ स्लॅलमचा, म्हणजे कनू या अरुंद होडीत एकट्याने गुडघ्यांवर बसून, एका पात्याच्या वल्ह्याने वेगवान पाण्यातल्या गेटांमधून वाट काढण्याच्या खेळाचा, सराव करते. एका मोठ्या खेळाडूची जुनी कार्बनची कनू आम्हाला स्वस्तात मिळत आहे. मात्र ती ७५ किलो वजनाच्या पुरुषासाठी बनवलेली आहे. लांबी सगळ्याच कनूंची सारखी असते, तर ती घेतल्यास पुढची काही वर्षे निभावेल का?
– एक पालक, इंदूर

उत्तर : शाळेचा गणवेश आपण वाढत्या अंगाचा शिवतो आणि ते योग्यच असते, परंतु ही कनू घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लांबीविषयीचे आपले निरीक्षण बरोबर आहे. नियमानुसार सी-१ किमान ३.५० मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद असावी लागते, आणि आखूड कनू चपळ वळत असल्यामुळे बनवणारे बहुधा या किमान लांबीलाच धरून असतात. फरक असतो तो तिच्या पोटात मावणाऱ्या हवेत, म्हणजे आकारमानात, आणि विशेषतः मागच्या टोकाच्या जाडीत.

या मागच्या टोकावरच सारे वळण अवलंबून असते. प्रवाहाच्या उलट दिशेचे गेट (पाण्यावर टांगलेल्या दांड्यांनी दाखवलेली वाट) घेताना खेळाडू अंग मागे टाकतो, मागचे पातळ टोक पाण्याखाली जाते, पुढचे टोक वर उठते आणि कनू जवळजवळ जागच्या जागी फिरते. ७५ किलोच्या माणसासाठी घडवलेले टोक ४४ किलोच्या मुलीने कितीही जोर लावला तरी पुरेसे बुडणार नाही. कनू मोठा वळसा घेईल, पाण्यावर उंच तरंगत राहिल्याने आडवा प्रवाह तिला ढकलत नेईल, आणि ही कसर भरून काढण्यासाठी मुलगी खांद्याला हिसके देऊ लागेल. मला खरी काळजी या सवयीची वाटते, कारण ती पुढे मोडणे फार कठीण जाते. उलट, फार लहान कनूही नको. तिचे मागचे टोक नको तेव्हा बुडते आणि वेग मरतो.

मुलीचे वजन हेल्मेट, लाइफ जॅकेट, स्प्रे डेक (कनूत पाणी शिरू न देणारे कमरेभोवतीचे आवरण) आणि ओल्या कपड्यांसह करावे आणि त्या आकड्यावरून साधारण ४५ ते ५५ किलोच्या खेळाडूसाठीची कनू शोधावी. वाढीसाठी तेवढी सवड पुरते. मग संथ पाण्यात तिला पूर्ण साहित्यासह गुडघ्यांवर बसवून आपण काठावरून, डोळे पाण्याच्या पातळीजवळ आणून, कनूकडे बाजूने पाहावे. ती स्थिर असताना मागच्या टोकाची कड पाण्याच्या जेमतेम वर दिसली पाहिजे. मुलगी मागे झुकताच ते टोक सहज आत जावे आणि ती सरळ होताच लगेच वर यावे. त्यानंतर तिने गुडघ्याने एक बाजू उचलून कनू तिरपी धरून पाहावी. धरताना सगळे शरीर झुकवावे लागले, तर माप मोठे आहे.

उंचीचा संबंध मुख्यतः खोगिरासारख्या फोमच्या बैठकीशी येतो. बैठक उंच केली की वल्हे लांबवर पोहोचते, पण तोल नाजूक होतो. खाली घेतली की तोल सावरतो, पण घोट्यांवर दाब येतो. ती थोडी पुढे-मागे सरकवूनही कनूचा समतोल बदलतो, म्हणून पाण्यात पाहिल्याखेरीज बैठक कायमची चिकटवू नये.

कार्बनचा मोह मी समजू शकतो. स्पर्धेच्या सी-१ला किमान ८ किलो वजन चालते. पण योग्य मापाची, ॲरामिड (केव्हलरसारखे चिवट तंतू) आणि काचतंतूंची जुनी कनू त्याहून दोन-तीन किलो जड असली तरी मी तीच निवडेन. सहस्रधारेच्या खडकांवर नवशिक्या हातांनी कनू आपटणारच, आणि ॲरामिड असे मार कार्बनपेक्षा चांगले सोसते. आपण पाहिलेली कनू मुलगी ६५ किलोच्या घरात पोहोचली तरच पुन्हा विचारात घ्यावी.