माउथ ऑर्गन घेताय? दोन नंबरच्या भोकाला घाबरू नका

प्रश्न: वय बावन्न, आजवर एकही वाद्य हातात धरलेलं नाही. आता माउथ ऑर्गन शिकायचाय पण पहिल्याच झटक्यात महागडा घ्यायचं धाडस होत नाही. स्वस्तातला चालेल का? आणि दहा भोकांचा घेऊ की चोवीस?

उत्तर: स्वस्तातला नक्की चालेल, फक्त तो खेळणं नको, वाद्य हवं. खेळण्यातल्याची हवा सगळीकडून गळते, माणूस जोर लावून लावून दमतो आणि त्याला वाटतं आपल्यातच दम नाही, आणि कितीतरी जण इथेच सोडून देतात हो, फार वाईट वाटतं. म्हणून वाद्य बनवणाऱ्या कंपनीचाच घ्या, त्यांचं सगळ्यात साधं मॉडेल असलं तरी पुष्कळ झालं. चोवीस भोकांच्या ट्रेमोलो प्रकारात एका सुराला दोन रीड, म्हणजे हवेने थरथरून आवाज देणाऱ्या पातळ पट्ट्या, असतात, सुरात एकमेकींपासून किंचित हललेल्या, त्यामुळे आवाज थरथरतो आणि कानाला गोड लागतो, सोपी गाणीही पटकन बसतात. पण त्यावर सूर नीट वाकवता येत नाही, म्हणजे ज्याला बेंडिंग म्हणतात ते. माझं मत विचाराल तर दहा भोकांचा डायटॉनिक, म्हणजे सा रे ग म चे साधे सात सूर असणारा, सी स्केलचा, म्हणजे ज्याचा सा सी या सुरावर असतो तो. चार नंबरात फुंकलं की सा, श्वास आत ओढला की रे, पाचात ग आणि म, सहात प आणि ध, सातात मात्र उलटं, आधी ओढून नी आणि मग फुंकून वरचा सा. सगळे तिथेच अडखळतात, तुम्हीही अडखळाल, चालायचंच. खालच्या सप्तकात म आणि ध नसतातच, ते शोधत बसू नका.

मधला सांगाडा, कोम म्हणतात त्याला, तो प्लास्टिकचा बघा. होनर कंपनीचा मरीन बँड हा माउथ ऑर्गन १८९६ पासून चालत आलाय, आवाज सुरेखच आहे, पण त्याचा कोम लाकडी, आणि लाकूड ओल धरून फुगतं, सुरुवातीला ती कटकट कशाला.

प्रश्न: नवीन घेतला, पण दोन नंबरच्या भोकातून श्वास ओढला की नुसती घरघर येते. पीस खराब निघाला का? परत करू?

उत्तर: थांबा, लगेच परत करू नका! हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नवशिक्याचा असतो आणि बहुतेक वेळा पीस चांगलाच असतो. आपण घाईघाईत स्ट्रॉने सरबत ओढावं तसं ओढतो, गाल आत जातात, जीभ वर चढते, आणि सूर खाली घसरून गुदमरतो. जांभई देताना घसा कसा मोकळा होतो तसा ठेवा, नाकाने हवा जाऊ देऊ नका, पोटातून अगदी हळू श्वास घ्या. आता तीन नंबरात फुंकून बघा, दोन ओढून येतो तोच प तिथे आहे. दोन्ही एकसारखे ऐकू आले की समजा वाद्य ठीक आहे. आठवडाभर हळू श्वासाने करूनही एखादी रीड मुकीच राहिली, तर मात्र बदलून मागा.

प्रश्न: साफ कसा करायचा? पाण्यात घातला तर चालतो का?

उत्तर: प्लास्टिकच्या कोमचा असेल तर कधीतरी कोमट पाण्यातून काढला तरी चालतो, लाकडी कधीच नाही, आणि गरम पाणी कुठल्याच नाही. पण खरी काळजी वाजवायच्या आधीची. काही खाल्लं असेल, विशेषतः गोड, तर खळखळून चूळ भरा, कारण ते थुंकीबरोबर रीडवर जाऊन चिकटतं. वाजवून झालं की भोकं खाली करून तळहातावर चार-पाच वेळा आपटा, थेंब पडतील, मग थोडा वेळ उघडाच ठेवा आणि वाळल्यावरच डबीत घाला. खिशात तसाच सुटा टाकू नका, कपड्याचा एवढासा धागा आत गेला तरी रीड बंद पडते. तसं झालंच तर वरचं कव्हर काढून धागा चिमट्याने अलगद उचला, रीडला दाबू नका, पितळेची ती पातळ पट्टी जरा वाकली की सूर गेला. आणि जोरात फुंकून रीड मोकळी करायला जाऊ नका, स्वस्तातले बरेच माउथ ऑर्गन त्यानेच लवकर बेसूर होतात.