टोकन देण्याआधी

सॅम्पल फ्लॅट बघून भाळू नका. आधी महारेराच्या (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाका आणि ताब्याची तारीख कितीदा पुढे गेलीय ते बघा. भाव कार्पेटवरच, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेवरच विचारा. नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम मागितली, तर रेरा कायद्याचं कलम १३ दाखवा. सूर लगेच बदलतो.

खरी गंमत वरच्या खर्चात आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क ७ टक्के, घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का कमी. नोंदणी फी ३०,००० पर्यंत. बांधकाम चालू असेल तर वर ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांना १ टक्का). मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे बँक सहसा कर्जात धरत नाही, ते खिशातूनच जातात. म्हणून सगळी शिल्लक डाउन पेमेंटमध्ये ओतू नका.

आणि भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला हरकत नाही असा पालिकेचा दाखला! आम्ही घाईघाईत त्याच्याशिवाय राहायला गेलो आणि दोन वर्षं टँकरच्या पाण्यावर काढली. बिल्डर म्हणे, ‘आठवड्यात येतंय.’ तयार घर बघताय, तर भर पावसात एक चक्कर मारा आणि वॉचमनला विचारा, पार्किंगमध्ये पाणी कुठवर चढतं.