"मॅडम, हे आलं कोणाकडून?"

लेकराला ऐकू येत नाही हे कळल्यावर घरची माणसं उपचारांबद्दल नंतर विचारतात. त्याआधी येतं ते, "हे आलं कोणाकडून?" लातूरला समुपदेशन करताना हे इतक्यांदा ऐकलंय की विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं, हे मला कळतं. बहुतेकदा ते सुनेवर येऊन थांबतं.

औसा तालुक्यातलं एक कुटुंब असंच आलं. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.) सव्वा वर्षाची मुलगी, डोळे लख्ख निळे, कपाळावर पांढरी बट. बेरा तपासणीत (आवाजाला कानाची नस आणि मेंदू प्रतिसाद देतात का हे त्यात बघतात) दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नसल्याचं निघालेलं. डॉक्टरांनी निदान लिहिलं होतं वार्डनबर्ग सिंड्रोम. आजींचं निदान निराळं.

"गिराण लागलं तवा ही पोटुशी असून अंगणात हिंडत होती. वर हे कोड. पोरीला कोण करून घेईल?"

सून मान खाली घालून बसलेली. नवरा गप्प.

सुरुवातीच्या भेटी समजावण्यात गेल्या. नेदरलँड्सचे नेत्रतज्ज्ञ वार्डनबर्ग यांनी १९५१ साली या आजाराचं सविस्तर वर्णन केलं. साधारण ४० हजारांत एखाद्याला तो असतो. त्वचा, केस, डोळे यांना रंग देणाऱ्या पेशी आतल्या कानातही लागतात. जनुकातल्या बदलामुळे त्या तिथवर पोचल्या नाहीत, तर रंगही जातो आणि ऐकणंही. हे कोड नाही, आणि ग्रहणाचा तर संबंधच नाही. आजींनी सगळं ऐकून घेतलं. "आसंल. पण आमच्यात कोणालाच न्हाई."

मग मी वंशावळ काढायला घेतली. तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. त्यानं तो डाव्या हातात धरला आणि मान वळवून उजव्या कानाला लावला. आधीच्या भेटीतही तो उजवी बाजू माझ्याकडे करूनच बसला होता. अशा गोष्टी माझ्या नजरेतून सहसा सुटत नाहीत.

"डाव्या कानानं कमी येतं का?"

"लहानपणापासून. एकानं भागतंय की."

"आणि केसांना कलप?"

तो आईकडे बघायला लागला. "दहावीपास्नं. पुढची बट पांढरी हाय. पोरं चिडवायची."

आजी सहज बोलून गेल्या, "ते व्हय? ते तर जन्माचंच. भाग्याचं लक्षण म्हणायची समदी."

बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं. खोलीतल्या प्रत्येकाला ती बट ठाऊक होती, सुनेलासुद्धा. लपवलं कोणीच नव्हतं. मुलाच्या कपाळावर जे भाग्य होतं, तेच नातीच्या कपाळावर डाग ठरलं, म्हणून दोन्ही एकच असेल असं कुणाच्या मनात आलं नाही. सून त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून बोलली. "मला रोज ऐकावं लागायलं, तवा बी तुम्ही गप्पच होता." नवऱ्याकडे उत्तर नव्हतं. मी मध्ये पडले नाही. ते वाक्य त्यालाच ऐकू द्यायचं होतं.

अशा वेळी दोष सुनेवरून उचलून मुलावर ठेवायची घाई होते. ती मी होऊ देत नाही. कोणीही जनुक निवडून देत नाही. आणि घर गुन्हेगार शोधत बसतं तेव्हा मुलीचे भाषा शिकायचे महिने निघून जातात.

याच्या नेहमी दिसणाऱ्या प्रकारात आई-वडिलांपैकी एकाकडून बदललेलं जनुक आलं तरी पुरतं. म्हणून इथे मामाच्या मुलीशी केलेल्या लग्नाला दोष देणं चूक. कधी दोघांतही नसतं, बदल बाळातच नव्यानं होतो. एका पालकाला असेल तर प्रत्येक गरोदरपणात छापा-काटा. पहिलं मूल असं झालं म्हणून दुसरं सुटतं असं नाही. पण जनुक आलं म्हणजे पूर्ण बहिरेपण आलंच असंही नाही, या मुलीचे वडील बघा. बुद्धीला सहसा धक्का नसतो. एका प्रकारात जन्मापासून शौचाची अडचण असते. ती असेल तर बालरोगतज्ज्ञांना लगेच सांगा.

श्रवणयंत्र लवकर लावा. त्यानं भागलं नाही तर कॉक्लिअर इम्प्लांटचा, म्हणजे शस्त्रक्रियेनं आतल्या कानात बसवायच्या यंत्राचा विचार. अंगणवाडीत येणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक पुढची वाट दाखवतं. खुणांची भाषा शिकवायलाही लाजू नका.

पुढच्या वेळी आले तेव्हा मुलीच्या कानाला यंत्र होतं. वडिलांनीही कान तपासून घेतले होते. चुलत्याचे केस विशीतच पिकलेले, म्हणून त्याच्या बाळाच्या तपासणीची तारीख आजींनीच घेतली होती.