पेशीएवढ्या जागेतलं तापमान नॅनोकणांनी कसं मोजतात?

तुमचा प्रश्न असा, की एवढ्याशा कणाला थर्मामीटर म्हणायचं कसं आणि त्याचं रीडिंग घ्यायचं कुठून. माझी पीएचडी यातच गेली, म्हणून लिहितेय.

आमचे कण सोडियम यट्रियम फ्लोराइडचे, तीसेक नॅनोमीटरचे. त्यात थोडं यटर्बियम आणि चिमूटभर अर्बियम, ही दोन्ही धातू मूलद्रव्यं. क्युव्हेटमधलं, म्हणजे मोजणीसाठीच्या छोट्या पारदर्शक भांड्यातलं, कण मिसळलेलं पाणी साधंच दिसतं. त्यात ९८० नॅनोमीटरचा लेसर सोडला की हिरवी रेघ उमटते. लेसर स्वतः डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गॉगलशिवाय त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. यटर्बियम अवरक्त प्रकाश शोषून ऊर्जा अर्बियमला देतं आणि अर्बियम हिरवं चमकतं.

त्या हिरव्यात दोन पट्टे असतात, एक ५२५ नॅनोमीटरच्या आसपास, दुसरा ५४५ च्या. अर्बियमच्या दोन शेजारच्या ऊर्जापातळ्यांतून ते येतात. ऊब वाढली की वरच्या पातळीवर गर्दी होते आणि ५२५ चा पट्टा वधारतो. दोन्हींचं गुणोत्तर काढायचं, बस्स. खोलीच्या तापमानाला ते दर अंशामागे साधारण १ टक्क्याने बदलतं. नुसत्या तेजावर विसंबू नका. कण तळाशी बसले तरी तेज उतरतं, गुणोत्तराला मात्र त्याचं फारसं सोयरसुतक नसतं.

सामू मोजतानाही हीच युक्ती. एकाच सिलिका कणात दोन रंग, एक आम्लाने बदलणारा, दुसरा न बदलणारा. याउलट लिंबाच्या रसापासून केलेले कार्बन डॉट, म्हणजे कार्बनचे चमकणारे नॅनोकण, यांचं नुसतं तेज बघतात. लोहाच्या आयनांनी ते मंदावतात खरे, पण मंदावायला इतरही कारणं असतात. लगेच ‘लोह सापडलं’ म्हणू नये.

सुरुवातीला मीही फसले. लेसर चालू केला की आलेख हळूहळू चढायचा. नमुन्यात काहीतरी घडतंय म्हणून मी खूश! सरांनी एवढंच विचारलं, “कण न घालता, नुसत्या पाण्यात थर्मोकपल टाकून बघितलंस का गं?” थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी. बघितलं. आलेख तसाच चढला. ९८० चा प्रकाश पाणीही शोषतं, म्हणजे थर्मामीटर वाचायला लावलेला दिवाच पाणी तापवत होता. कण बिचारे खरंच सांगत होते.

आता मी लेसरची पॉवर कमी ठेवते आणि थांबत थांबत मारते. निओडिमियम घातलेले कण ८०८ वर चालतात, तिथे पाणी बरंच कमी तापतं. पेशींवर काम करणार असाल तर थेट या निओडिमियमवाल्या कणांपासूनच सुरुवात करा.