दोन मोबाइल कंपन्या एकत्र झाल्या की ग्राहकाचं नेमकं काय होतं?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: सिम बदलावं लागतं का, भरलेला रिचार्ज बुडतो का आणि रेंज सुधारते की बिघडते. पहिल्या दोन्हींचं उत्तर एका ओळीत संपतं. नंबर तोच राहतो, चालू रिचार्ज त्याच्या मुदतीपर्यंत चालतो आणि विलीनीकरण झालं म्हणून त्याच दिवशी सिम बदलावं लागत नाही. तिसऱ्याचं उत्तर मात्र गावागणिक, कधी कधी एकाच इमारतीत मजल्यागणिक बदलतं.

व्होडाफोन-आयडियाचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडचं सगळ्यात मोठं विलीनीकरण तेच. घोषणा २० मार्च २०१७ ला झाली, व्यवहार पुरा झाला ३१ ऑगस्ट २०१८ ला आणि 'व्ही' हे नाव आलं ७ सप्टेंबर २०२० ला. पेपरात बातमी येते त्या दिवशी तुमच्या फोनमध्ये काहीच घडत नाही. जे काही घडतं ते पुढच्या दोन वर्षांत, तुमच्या भागातले टॉवर जोडले जातात तेव्हा. ती तारीख कुणी छापत नाही.

टॉवरचं काम सर्कलप्रमाणे, म्हणजे मोबाइल सेवेसाठी पाडलेल्या विभागांप्रमाणे चालतं. महाराष्ट्रात अशी सर्कल दोन: मुंबई (यात ठाणे, कल्याण, नवी मुंबईही येतात) आणि महाराष्ट्र-गोवा. मुंबईत व्होडाफोनची मुळं जुनी, म्हणजे मॅक्स टच, ऑरेंज, हच अशी नावं बदलत आलेली. आयडिया तिथे २००८ मध्ये पोचली. मुंबईबाहेर, उरलेल्या महाराष्ट्रात, आयडियाचं बस्तान पक्कं होतं. त्यामुळे एकाच विलीनीकरणाचा अनुभव दादरला एक आणि दापोलीला दुसरा.

पहिल्या टप्प्यात दोन्ही नेटवर्क एकमेकांना उघडी केली जातात. आयडियाचं सिम व्होडाफोनचा टॉवर पकडतं, फोनवर भलतंच नाव दिसतं आणि लोकांना वाटतं रोमिंग लागलं. पैसे वाढत नाहीत, काळजी नको. हा टप्पा बहुतेकांना सुखाचाच जातो, कारण टॉवर अचानक वाढल्यासारखे होतात. दुसऱ्या टप्प्यात एकाच टेकडीवरच्या दोन टॉवरांपैकी एकावरची यंत्रं काढतात आणि दोघांचं स्पेक्ट्रम (सिग्नलसाठी मिळालेल्या लहरींचे पट्टे) उरलेल्या टॉवरवर एकत्र लावतात. या व्यवहारातून वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये वाचतील असा कंपन्यांचा अंदाज होता. ती बचत दुहेरी टॉवर, दुहेरी दुकानं, दुहेरी यंत्रणा बंद करूनच निघते. घराजवळचा टॉवर टिकला तर इंटरनेटचा वेग वाढतो. तोच उतरवला, तर गच्चीवर रेंज पूर्ण आणि स्वयंपाकघरात शून्य अशी गत होते.

म्हणून रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका, आकडा बघा. अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस असं गेलं की सिग्नल स्ट्रेंथ दिसते. बऱ्याच फोनमध्ये डायलरवर *#*#४६३६#*#* टाकूनही ती सापडते. आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल करायचं. तिथे आरएसआरपी नावाचा उणे आकडा असतो, टॉवरचा सिग्नल फोनपर्यंत किती जोरात पोचतो ते सांगणारा. ४जी वर उणे ९० किंवा त्याहून बरा (म्हणजे शून्याच्या जवळचा) असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम भागतं, उणे ११५ च्या पलीकडे गेला की बोलणं तुटायला लागतं. झोपायची खोली, स्वयंपाकघर, कामाची जागा अशा तीन ठिकाणी, सकाळी आणि रात्री नऊला, आठवडाभर हा आकडा टिपून ठेवा. आकडा चांगला आणि तरी रात्री नेट रखडतंय, म्हणजे टॉवरवर गर्दी आहे. ती कंपनीने क्षमता वाढवली तर सुटते. आकडाच घसरला असेल तर टॉवर हलला आहे किंवा बंद झाला आहे, आणि तिथे वाट पाहण्यात फारसा अर्थ नाही. पोर्ट करायचं (नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची) की थांबायचं हे या एका फरकावर ठरवावं असं माझं मत आहे.

आकडा ठीक आहे, फोन लागतोय, पण नेट अजिबातच नाही? मग बहुधा एपीएन, म्हणजे फोनला इंटरनेटशी जोडणारी सेटिंग. दोन कंपन्यांची एपीएन नावं वेगळी असतात आणि नेटवर्क एक होताना जुन्या फोनमधलं नाव अडकून बसतं. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन 'रिसेट टू डिफॉल्ट' करा, नेटवर्क निवड 'ऑटोमॅटिक' ठेवा आणि फोन बंद करून चालू करा.

सिम आज नाही तरी पुढे बदलावं लागू शकतं. एकत्र झालेली कंपनी ३जी चं स्पेक्ट्रम ४जी कडे वळवते तेव्हा जुनी ३जी सिमं नेटसाठी निरुपयोगी होतात. मुंबईत व्ही ने २०२१ च्या सुरुवातीला हेच केलं. सिम बदलायला जाण्यापूर्वी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नवं सिम चालू झाल्यावर २४ तास एसएमएस येतही नाहीत, जातही नाहीत. फसवणूक रोखायला केलेला नियम आहे, पण त्या दिवशी हप्ता भरायचा असेल किंवा बँकेचा ओटीपी हवा असेल तर पंचाईत होते. दुसरं, जुलै २०२४ पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. कंपनी सोडायचीच असेल तर आधी नवं सिम घेण्याचा खटाटोप करू नका, थेट पोर्ट करा.

पोर्टिंगचं असं आहे: एसएमएसमध्ये PORT असं इंग्रजीत लिहायचं ('पोर्ट' असं मराठीत लिहून चालत नाही), मग एक जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, आणि हा एसएमएस १९०० वर. उलट आठ अक्षर-अंकांचा यूपीसी कोड येतो, तोच पोर्टिंगचा कोड. महाराष्ट्रात तो चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमध्ये पाच. पुण्याचा नंबर मुंबई सर्कलला नेणं हे 'दुसरं सर्कल' धरलं जातं, हे बरेच जण विसरतात. कोड न येण्याची नेहमीची कारणं म्हणजे पोस्टपेडचं बिल थकलेलं, त्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले नसणं, किंवा नंबर दुसऱ्याच्या नावावर करण्याचा अर्ज अर्धवट असणं. प्रीपेडमधली शिल्लक पोर्ट करताना सोबत येत नाही, पॅक संपत आलं की मगच निघा.

प्लॅनबद्दल ट्रायचा (दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाचा) नियम ग्राहकाच्या बाजूचा आहे. प्लॅन घेतल्यापासून सहा महिने त्यातला कुठलाही दर तुमच्या तोट्यात बदलता येत नाही. सहा महिन्यांनंतर मात्र कंपनी जुना प्लॅन गुंडाळू शकते, आणि गुंडाळतेच. 'लाइफटाइम' सिमवाल्यांना याचा चटका २०१८ च्या शेवटी बसला. तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया या दोघांनीही ३५ रुपयांपासूनचे किमान रिचार्ज आणले. नुसतं इनकमिंगसाठी ठेवलेलं सिम तेव्हापासून फुकट राहिलं नाही.

आता ज्याकडे कुणी बघत नाही ते. आपल्याकडे दोन सिम ठेवायची पद्धत आहे ती एकाची रेंज गेली तर दुसरं असावं म्हणून. ज्यांच्याकडे एक व्होडाफोन आणि एक आयडिया होतं, त्यांच्या फोनमध्ये विलीनीकरणानंतर सिमं दोन राहिली, पण नेटवर्क एकच उरलं. फायबर तुटली की दोन्ही एकदम बंद. तुमचं असं असेल तर त्यातलं एक, शक्यतो बँकेला न जोडलेलं, दुसऱ्या कंपनीत हलवा. हे करायला कुठल्याही घोषणेची वाट पाहायची गरज नाही.

दर वाढले ते विलीनीकरणामुळेच का, असंही लोक विचारतात. अर्धं खरं आहे. टेलिनॉरचा भारतातला धंदा २०१८ मध्ये एअरटेलमध्ये गेला, टाटा डोकोमोचा मोबाइल व्यवसाय २०१९ मध्ये तिकडेच गेला, आणि बाजारात तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल एवढंच उरलं. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४ या तिन्ही वेळा तीनही खासगी कंपन्यांनी काही दिवसांच्या अंतराने दर वाढवले. एअरटेलचं २८ दिवसांचं १४९ चं पॅक १७९ झालं, मग १९९. पण ऑक्टोबर २०१९ चा एजीआरचा निकाल (सुप्रीम कोर्टाने कंपन्यांवर सरकारची मोठी थकबाकी लादली तो) आणि त्याआधी जिओने पाडलेले दर हेही धरावे लागतात. दहा-बारा कंपन्या त्या दरांत जगल्याच नसत्या.

खरं तर विलीनीकरण फसणं हे ग्राहकाला जास्त महागात पडतं. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल यांचा करार ऑक्टोबर २०१७ मध्ये मोडला. रिलायन्सची कॉलिंग सेवा त्याच वर्षी १ डिसेंबरपासून बंद झाली आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये एअरसेल दिवाळखोरीत गेली. तेव्हा एकाच वेळी सगळे पोर्टिंगच्या रांगेत, आणि टॉवर बंद झालेल्या भागात १९०० वर एसएमएस पाठवायलाच रेंज नाही. त्यामुळे करार लांबतोय, दुकानदार रिचार्ज करायला कां-कूं करतोय, असं दिसलं तर त्या कंपनीचं वर्षभराचं पॅक घेऊ नका, २८ दिवसांवर भागवा. परदेशात राहून फक्त ओटीपीसाठी इथला नंबर जिवंत ठेवणाऱ्यांनी तर अशा वेळी लवकर हालचाल करावी. यूपीसीचा एसएमएस परदेशातून जाईलच असं नाही, आणि नव्या सिमच्या केवायसीला स्वतः हजर राहावं लागतं.

तक्रारीसाठी १९८. बोलणं संपायच्या आत डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) मागून घ्या, मुकाट्याने फोन ठेवू नका. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं आणि त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. ट्राय एकट्यादुकट्याची तक्रार हाताळत नाही, तिकडे पत्र लिहून वेळ जातो. रेंजची तक्रार असेल तर वर सांगितलेले आकडे, वेळ आणि पिनकोड सोबत द्या. 'रेंज येत नाही' एवढंच सांगितलं की फोन रिस्टार्ट करा असं उत्तर येतं आणि तक्रार बंद होते.

'कंपनी बदलली, आज रात्री सिम बंद होईल, सिमच्या मागचा नंबर पाठवा' असा मेसेज या काळात हमखास येतो. सिमवरचा तो एकोणीस-वीस आकडी नंबर कुणालाही देऊ नका, आणि दुसऱ्याने पाठवलेला तसा नंबर कंपनीला एसएमएस करू नका. तसं केलं की तुमचा मोबाइल नंबर त्यांच्या हातातल्या कोऱ्या सिमवर चालू होतो.